ओळीवर ठेवलेलं बोट

आधार केंद्रात आपण दहाही बोटं काचेवर टेकवतो, यंत्राकडे डोळे विस्फारून बघतो, नाव-पत्ता दोनदा वाचून घेतो. बाहेर पडताना हातात मिळते ती फक्त पोचपावती. तिच्यावर 14 आकडी नोंदणी क्रमांक असतो आणि त्यापुढे तारीख, तास, मिनिट, अगदी सेकंदसुद्धा. आधार क्रमांक मात्र नसतो. तो येतो काही दिवसांनी. चहावाल्याला दहा रुपये पाठवले की त्याच्या टपरीवरचा डबा दोन सेकंदांत ओरडून सांगतो. मग इथेच एवढा वेळ का? आणि मधल्या दिवसांत माझी बोटं, माझे डोळे असतात तरी कुठे?

रांगेत. माणसांची नव्हे, कामांची रांग. संगणकाच्या दुनियेत हिला मेसेज क्यू म्हणतात. तिच्याशिवाय तिकीट, रेशन, बँक, दवाखाना यांतलं काहीच चालत नाही, आणि तरी ती कुणाला दिसत नाही. ही रांग ठेवायची कुठे, यावरून ओपन सोर्सवाल्या मंडळींत, म्हणजे आपली आज्ञावली सगळ्यांसाठी उघडी ठेवणाऱ्या प्रोग्रामरांत, गेली अनेक वर्षं वाद चालू आहे. वाद मोठा गमतीचा आहे, आणि तो समजून घ्यायला नंदुरबार जिल्हा फार सोयीचा आहे.

टेंभली आणि नसलेली रेंज

29 सप्टेंबर 2010 रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. त्या सोहळ्यावर भरपूर लिहून झालं आहे आणि पुढे टेंभलीच्या पदरात काय पडलं यावरही. फोटोत न आलेली गोष्ट मात्र तंत्राची होती.

ज्यांनी धडगाव किंवा अक्कलकुव्याचा सातपुड्यातला भाग पाहिला आहे त्यांना सांगायला नको: एक डोंगर ओलांडला की रेंज जाते, दुसरा ओलांडला की रस्ताही जातो. नोंदणी करताना प्रत्येक वेळी बंगळुरूच्या संगणकाशी बोलणं भाग असतं, तर ही योजना पहिल्या घाटातच अडकली असती. म्हणून नोंदणीची आज्ञावली रेंजशिवाय चालेल अशी बनवली गेली. माणसाची माहिती लॅपटॉपवर घ्यायची आणि तिथेच तिचं कुलूपबंद पुडकं करायचं. किल्ली फक्त केंद्राकडे. नोंदणी करणाऱ्यालाही ते पुन्हा उघडता येत नाही. अशी पुडकी साठू द्यायची आणि जिथे रेंज असेल तिथे नेऊन एकदम वर चढवायची. नाहीतर हार्ड डिस्कच रवाना करायची.

म्हणजे पाड्यावरच्या लॅपटॉपमध्येच पहिली रांग तयार झाली. देणारा आणि घेणारा एकाच क्षणी जागे असण्याची गरज नाही, हा रांगेचा पहिला गुण. टपालपेटी हेच करते. आपण पत्र टाकतो तेव्हा पोस्टमन तिथे उभा नसतो.

प्रत्येक टेबलापुढे एक बाक

पुडकं केंद्रात पोचलं की त्याची वरात निघते. एका ठिकाणी ते उघडून ते खरं आहे ना हे पाहतात. दुसरीकडे नाव-पत्ता-जन्मतारखेवरून जुळणी. मग सगळ्यात जड काम: ही बोटं, हे डोळे आधीच कुणाच्या नावावर नोंदले आहेत का? शंका आली तर माणसाच्या नजरेखालून. मग क्रमांक, मग छपाई, मग टपाल.

या टेबलांचा वेग सारखा नाही. पुडकं उघडायला क्षण पुरतो. बोटं जुळवायला मात्र आधी नोंदलेल्या प्रत्येक माणसाशी तुलना करावी लागते. हिशेब करून बघा. नोंदणी जोरात असताना दिवसाला 10 लाख पुडकी यायची. सेकंदाला जेमतेम 12, फार वाटत नाही. पण तोवर 60 कोटी माणसं नोंदली गेली असतील, तर 10 लाख गुणिले 60 कोटी, म्हणजे सहावर चौदा शून्यं इतक्या तुलना एका दिवसात. असलं टेबल साहजिकच तुंबतं. ते तुंबलं म्हणून आधीच्या टेबलानं हात बांधून बसू नये, यासाठी दोन टेबलांमध्ये एक बाक ठेवायचा. काम झालं की पुडकं बाकावर. पुढच्याला फुरसत झाली की तो उचलेल. टेबल, बाक, टेबल, बाक अशी ही रचना मॅट वेल्श यानं 2001 मध्ये बर्कले विद्यापीठात असताना मांडली होती. आधारच्या आखणीत तीच वापरली गेली, आणि बाक म्हणून रॅबिटएमक्यू नावाची ओपन सोर्स आज्ञावली.

पोचपावतीवर सेकंदापर्यंतची वेळ का छापतात, हे आता लक्षात येईल. ते रांगेतलं टोकन आहे.

काटा रिकामा का ठेवावा?

नंदुरबारच्या बाजार समितीत हंगामात ओल्या लाल मिरचीनं भरलेल्या गाड्यांची रीघ लागते. गुंटूरच्या खालोखाल मिरचीसाठी हेच नाव घेतात. गाड्या ठरवून येत नाहीत; कधी अर्धा तास शुकशुकाट, तर कधी दहा ट्रॅक्टर एकदम. वजनकाटा मात्र आपल्या चालीनंच चालणार.

या विस्कळीतपणाचं गणित कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या आग्नर एरलांग या डॅनिश गणितज्ञानं 1909 पासून मांडायला घेतलं. त्याला प्रश्न होता टेलिफोनच्या तारा किती टाकाव्यात हा. त्यातून निघालेला एक निष्कर्ष आजही लोकांच्या गळी उतरत नाही. काटा निम्मा वेळ कामात असेल, तर साध्या गणिती नमुन्यात सरासरी एक गाडी आवारात सापडते. 80 टक्के वेळ कामात असेल तर चार. 90 टक्के झाला की नऊ, 95 टक्के झाला की एकोणीस. शेवटच्या पाच टक्क्यांत काम जरासं वाढतं आणि रांग दुप्पट होते. ‘काटा रिकामा दिसतोय, म्हणजे पैसे वाया चाललेत’ असं म्हणणाऱ्या साहेबांना हे चार आकडे कुणीतरी भिंतीवर लिहून द्यायला हवेत.

(एरिक्सन कंपनीत जन्मलेल्या एका संगणकभाषेला याच माणसाच्या नावावरून एरलँग हे नाव मिळालं, आणि रॅबिटएमक्यू त्याच भाषेत लिहिलेली आहे. कोपनहेगनच्या तारांपासून टेंभलीच्या पुडक्यांपर्यंत असा हा धागा आहे.)

पथारीवरची मिरची

आता वादाकडे वळू. रांग ठेवायची कुठे?

सगळ्यात झटपट जागा म्हणजे संगणकाची तात्पुरती स्मृती. ठेवायला सोपी, उचलायला सोपी. पण नंदुरबारच्या व्यापाऱ्याला विचारा. विकत घेतलेली मिरची तो उघड्या मैदानात, पथारीवर, वाळत घालतो. जागा भरपूर, उचल-टाक सोपी. आणि अवकाळी पाऊस आला की एका रात्रीत लाल गालिचा काळा पडतो. स्मृतीतली रांग अशीच पथारीवर असते. वीज गेली, गेली.

दुसरी जागा म्हणजे फक्त रांगेसाठी बांधलेलं वेगळं गोदाम, म्हणजे रॅबिटएमक्यूसारखी स्वतंत्र आज्ञावली. तिथे माल सुरक्षित राहू शकतो. पण दुसरं गोदाम आलं की दुसरा पहारेकरी, दुसरं कुलूप, दुसरी चोपडीही आली.

तिसरी जागा म्हणजे आधीपासून आहे ती चोपडी. बहुतेक संस्थांकडे डेटाबेस असतोच: खातेदार, शिल्लक, पावत्या, सगळं त्यात. त्यातच एक पान काढायचं, वर ‘करायची कामं’ असं लिहायचं आणि खाली एकेक ओळ भरत जायची. झाली रांग!

इतकं सोपं? जाणती मंडळी वर्षानुवर्षं नवख्यांना हेच करू नका म्हणून दटावत आली. दुसरीकडे जिम ग्रे यांच्यासारख्या डेटाबेसशास्त्रातल्या मोठ्या माणसानं (1998 चे ट्युरिंग पुरस्कारविजेते) 1995 मध्येच एक टिपण लिहिलं होतं. त्याचं म्हणणं मथळ्यातच होतं: रांगा हे डेटाबेसच आहेत. दोन्ही बाजूंना कारणं होती.

दोन कारकून, एक ओळ

समजा, चोपडीच्या पानावर शंभर कामं आहेत आणि चार कारकून बसले आहेत. पहिला वरची ओळ वाचतो आणि कामाला लागतो. दुसराही वरचीच ओळ वाचतो, कारण ती अजून खोडलेली नाही. एकाच शेतकऱ्याला दोनदा पैसे.

म्हणून नियम: ओळ घ्यायची तर तिच्यावर बोट ठेवायचं. याला डेटाबेसच्या भाषेत लॉक म्हणतात. दुसऱ्यानं त्या ओळीला हात लावायचा नाही. पण मग दुसरा काय करतो? ते बोट उचललं जाण्याची वाट बघत बसतो. तिसरा आणि चौथाही. चार कारकुनांचा पगार आणि काम एकाचं. ‘डेटाबेसमध्ये रांग नको’ म्हणणाऱ्यांचं हेच मोठं हत्यार होतं.

उपाय ऐकून हसू येईल. बोट ठेवलेली ओळ दिसली तर थांबू नका. तिला ओलांडून खालची घ्या. बस, एवढंच. याला ‘स्किप लॉक्ड’ म्हणतात. ओरॅकलमध्ये अशी सोय आधीपासून होती. पोस्टग्रेस या ओपन सोर्स डेटाबेसमध्ये ती जानेवारी 2016 मध्ये 9.5 या आवृत्तीबरोबर आली, मायएसक्यूएलमध्ये आठव्या आवृत्तीत. त्याआधी लोक पळवाटा काढत होतेच. कुणी ओळीवरच्या बोटाऐवजी बाहेरच्या फळीवर नाव लिहून येई, तसे काही. आता दोन शब्दांत काम होतं, आणि त्या दोन शब्दांवर वेगवेगळ्या संगणकभाषांतली अनेक रांग-साधनं उभी राहिली आहेत. 2023 च्या अखेरीस सदतीस-सिग्नल्स या कंपनीनं रेल्स या वेबबांधणीच्या साधनासाठी अशीच डेटाबेसवरची रांग खुली केली, आणि पुढच्या वर्षी रेल्सनं तीच आपली ठरावीक रांग म्हणून स्वीकारली.

ओलांडण्याला एक किंमत आहे. खालची ओळ वरच्या ओळीआधी पूर्ण होऊ शकते. रेशनच्या रांगेत हे चालत नाही, एसएमएस पाठवताना चालतं. काम कोणतं आहे ते आधी विचारावं.

कारकून चक्कर येऊन पडला तर?

बोटाची गंमत अशी की कारकून कोसळला तर बोट आपोआप सुटतं. डेटाबेसशी जोडणी तुटताच त्यानं अर्धवट केलेलं सगळं मागे घेतलं जातं आणि ओळ पुन्हा मोकळी होते. पुढचा कारकून ती उचलतो.

पण काम दहा मिनिटांचं असेल तर? दहा मिनिटं बोट ठेवून बसणं बरं नाही, त्याचं कारण पुढे येईल. मग कारकून ओळीसमोर लिहितो: ‘घेतलं, 11 वाजून 5 मिनिटं’ आणि बोट उचलतो. ठरलेल्या वेळेत ‘झालं’ अशी खूण आली नाही तर ओळ परत रांगेत. ॲमेझॉनच्या भाड्यानं मिळणाऱ्या रांगसेवेत, तुम्ही वेगळं सांगितलं नाही तर, ही मुदत 30 सेकंदांची असते. मुदत फार कमी ठेवली तर पहिला कारकून इमानदारीनं काम करतच असतो आणि दुसराही तेच सुरू करतो.

इथे एक कटू गोष्ट मान्य करावी लागते. काम चोपडीबाहेरचं असेल, म्हणजे एसएमएस पाठवणं, दुसऱ्या बँकेला कळवणं, तर ते ‘नेमकं एकदाच’ होईल अशी हमी कुठलीही रांग देत नाही. एसएमएस गेला आणि खूण करायच्या आत वीज गेली, तर पुढचा कारकून तो पुन्हा पाठवणारच. म्हणून शहाणे प्रोग्रामर कामच असं बेततात की दोनदा केलं तरी बिघडू नये. ‘खात्यात 500 रुपये टाका’ हा हुकूम दोनदा पाळला तर घोटाळा होतो. ‘पावती क्रमांक 812 चे 500 रुपये टाका, आधीच टाकले असतील तर गप्प बसा’ हा हुकूम शंभरदा पाळा.

दोन चोपड्यांचं दुखणं

माझ्या मते चोपडीतल्या रांगेची खरी ताकद वेगात नाही, ती इथे आहे.

रेशन दुकानाचं उदाहरण घ्या. धान्य दिल्याची नोंद डेटाबेसमध्ये होते आणि ‘कार्डधारकाला एसएमएस पाठवा’ हे काम वेगळ्या रांगेत जातं. दोन नोंदी, दोन चोपड्या. पहिली झाली आणि दुसरीआधी वीज गेली: धान्य दिलं, निरोप नाही. क्रम उलटा केला तर निरोप गेला, धान्याची नोंद नाही. दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण माणूस मोबाईल दाखवून भांडतो आणि त्याचं बरोबर असतं. मी स्वतः एका दुकानात पैसे कापल्याचा निरोप हातात धरून, ‘आमच्याकडे काही आलेलं नाही’ हे वाक्य वीस मिनिटं ऐकत उभा राहिलो आहे. तिथे नेमकं काय बिघडलं होतं ते त्यांनी सांगितलं नाही, पण अशा वेळी माझा पहिला संशय दोन चोपड्यांवर असतो.

रांग त्याच डेटाबेसमध्ये असली की दोन्ही ओळी एकाच सहीखाली येतात. दोन्ही राहतील, नाहीतर दोन्ही पुसल्या जातील. मधली अवस्थाच नाही. हे इतकं उपयोगी आहे की वेगळं गोदाम वापरणारे लोकही आता काम आधी डेटाबेसच्या एका पानावर लिहितात आणि मग एक पोऱ्या ती पानं उचलून गोदामात नेतो. त्या पानाला आउटबॉक्स म्हणतात, कार्यालयातल्या ‘जावक’ नोंदवहीसारखं.

| चौकट: रांगेच्या घरातले शब्द |
|---|
| मेसेज क्यू: करायच्या कामांची रांग, देणारा आणि घेणारा एकाच वेळी हजर नसले तरी चालतं. |
| लॉक: ओळीवर ठेवलेलं बोट. |
| स्किप लॉक्ड: बोट असलेली ओळ ओलांडून पुढची घेणं. |
| आउटबॉक्स: मूळ नोंदीबरोबर, त्याच सहीखाली लिहिलेली जावक ओळ. |
| व्हॅक्यूम: खोडलेल्या ओळींची झाडलोट. |

घंटी आणि केरसुणी

चोपडीला तोंड नसतं. नवी ओळ आली हे कारकुनाला कसं कळणार? एक मार्ग म्हणजे दर सेकंदाला पान उघडून बघणं. पन्नास कारकून असतील तर रिकाम्या पानावर पन्नास जण सेकंदाला वाकून बघताहेत. पोस्टग्रेसमध्ये म्हणून एक घंटीही आहे: ओळ लिहिणारा ती वाजवतो आणि ऐकणारे उठतात. पण ज्याची जोडणी त्या क्षणी तुटलेली असेल त्याला ती ऐकू जात नाही आणि नंतर परत वाजवली जात नाही. म्हणून जाणकार घंटी लावतात आणि शिवाय अधूनमधून पान उघडून बघतातच. गावाकडे दोन्ही करतात. फाटकाचा आवाज आला की बघायचं, आणि आवाज नाही आला तरी झोपायच्या आधी एक फेरी मारायची.

केरसुणीचा मामला जास्त गंभीर आहे. पोस्टग्रेसमध्ये ओळ खोडली म्हणजे ती लगेच नाहीशी होत नाही; कुणीतरी आधीपासून जुनं पान वाचत बसला असेल तर त्याला ती दिसत राहावी म्हणून ती मागे ठेवली जाते. नंतर व्हॅक्यूम नावाचा झाडूवाला येऊन मेलेल्या ओळी साफ करतो. साध्या नोंदींना हे पुरतं. पण रांगेत दिवसाला लाखो ओळी येतात आणि खोडल्या जातात. त्यात कुणी महिन्याचा अहवाल काढायला बसला आणि दोन तास चोपडी धरून राहिला, तर झाडूवाला दाराबाहेर ताटकळतो. पान मेलेल्या ओळींनी फुगतं, आणि दहा जिवंत ओळी शोधायला कारकुनाला दहा लाख मढी ओलांडावी लागतात. दहा मिनिटं बोट ठेवून बसू नये, ते याचसाठी.

यावरची सगळ्यात सुरेख युक्ती स्काइपच्या प्रोग्रामरांची. 2007 मध्ये त्यांनी पीजीक्यू ही आपली रांग खुली केली. ओळी एकेक खोडायच्याच नाहीत. तीन पानं आळीपाळीनं वापरायची. एकावर लिहिणं चालू, आणि आधीच्या पानावरची सगळी कामं सगळ्यांची वाचून झाली की ते अख्खं पान एका झटक्यात कोरं. झाडलोटच नको. मला ही युक्ती पहिल्यांदा कळली तेव्हा शाळेतली पाटी आठवली होती.

मग वेगळं गोदाम कुणासाठी?

दिवसाला काही लाख कामं असलेल्या संस्थेनं आधी आपली चोपडीच उघडून बघावी, असं माझं मत आहे. चांगल्या संगणकावर पोस्टग्रेस सेकंदाला हजारो कामं हलवू शकतो; आणि आधारचा आकडा आठवा, पुडक्यांच्या हिशेबानं तो सेकंदाला बाराच होता. अर्थात तिथे प्रत्येक पुडक्यामागे टेबलं अनेक, केंद्राचे संगणक असंख्य आणि माहिती वेगवेगळ्या साठ्यांत विखुरलेली. एकच चोपडी नव्हतीच, मग एका चोपडीतली रांग कशी असणार? त्यांनी वेगळा बाक निवडला ते बरोबरच. एकच निरोप पन्नास ठिकाणी हवा असेल, किंवा लिंक्डइनसारखा प्रत्येक टिचकीचा पूर वाहत असेल, तिथेही चोपडी दमते. लिंक्डइननं त्यासाठी काफ्का बांधली आणि 2011 मध्ये ती जगाला खुली केली.

बाजूचा बाक

प्रत्येक रांगेत एखादं काम असं असतं की ते कुणाकडूनच होत नाही. कारकून उचलतो, अडतो, परत ठेवतो. दुसरा उचलतो, अडतो. असंच चालू राहिलं तर ते एक काम सगळ्यांना गुंतवून ठेवतं. म्हणून पाचेक प्रयत्न झाले की ते बाजूच्या बाकावर ठेवतात, माणसानं बघावं म्हणून.

आधारच्या बाबतीत या बाकावर कोण बसतं हे ओळखणं अवघड नाही. उसाची तोड, मिरचीची खुडणी, दगडमाती यांत ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजून गेल्या आहेत अशी माणसं. यंत्राला त्यांची बोटं वाचता येत नाहीत. म्हणून डोळ्यांची खूण, आणि अपवाद म्हणून नोंद करण्याची वेगळी वाट ठेवलेली आहे.

रांगेवर लक्ष ठेवणाऱ्या बहुतेक पडद्यांवर एकच आकडा ठळक असतो: किती कामं बाकी. तो हजारावरून दहावर आला की सगळे खूश. ते उरलेले दहा कधीपासून बसले आहेत, हे त्या आकड्यात दिसत नाही. रांग डेटाबेसमध्ये असेल तर ते विचारायला एक ओळ पुरते: बाजूच्या बाकावरच्या सगळ्यात जुन्या पावतीची तारीख सांग. ती पावतीवर सेकंदासकट छापलेलीच असते.